थांबवणारा

दुपारचे साडेतीन. फतेहगंजकडची खिडकी
ठाकोरभाईंनी जाड काळ्या कागदाने झाकली आहे,
त्यामुळे या खोलीत कायम रात्र.
डोळा भिंगाला लावला की दिसते
यीस्टची एक पेशी, पोटात केंद्रक,
आणि केंद्रकाभोवती हिरवी कड,
काकडीच्या चकतीला असते तेवढी.

ती कड म्हणजे तो.
एक प्रथिन. आम्ही त्याच्या शेपटीला हिरवा दिवा बांधलाय,
नाहीतर गर्दीत कोण ओळखणार त्याला.
पेशीजवळ इनॉसिटॉल नसतं तेव्हा
पटलातल्या फॉस्फॅटिडिक आम्लाचा हात धरून
तो बाहेर बसून राहतो,
आणि तो तिथे गुंतलाय तोवर
आतून विकरांना हुकूम सुटत राहतात:
बनवा, आपलं आपण बनवा,
पटल कमी पडतंय, कळी फुटायची आहे.

मी वरून एक थेंब सोडते. इनॉसिटॉल.
चवीला गोड असतं म्हणे, मी चाखलेलं नाही.
आयतं आलंय म्हटल्यावर पेशी ते आम्ल खर्चून टाकते.
त्याचा हात सुटतो.
चार मिनिटं. सहा.
नवव्याला कड विरते
आणि मधोमध हिरवा ठिपका.
गेला आत. चूल बंद.

आई दादाकडे नाशिकला राहायला गेली
आणि मला डबा सुरू झाला,
त्याच महिन्यात मी गॅसचा बाटला परत केला.
(बडोद्यात सिलिंडरला बाटला म्हणतात. आमच्या मराठीतसुद्धा.)

दुसऱ्या ताटलीत आहे ती
जिच्यात तो नाहीच.
वैष्णवसर तिला बिघडलेली म्हणतात.
बाहेरून कितीही मिळो, ती बनवतच राहते,
इतकं की आत मावत नाही,
सांडतं.
हे सांडणं असं दिसत नाही.
त्यासाठी शेजारी आणखी एक जात पेरावी लागते,
जिला स्वतःला काही म्हणजे काही बनवता येत नाही,
एरवी जी उपाशीच मेली असती.
तीन दिवसांनी झाकण काढलं तर
सांडणारीच्या कडेकडेने,
जिथवर सांडलं तिथवरच,
ती दुसरी उगवलेली. लाल.

दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावर शिर्केकाकू.
काका गेले त्याला सात वर्षं,
हेमराज ब्रॅम्प्टनला, सुनेचा फोन रविवारी.
कणीक अजून सहा जणांची.
पॉलिटेक्निकच्या वसतिगृहात दोन डबे,
बँकेतल्या भावनगरच्या मुलाला एक,
खालच्या वॉचमनला ताट, त्याच्या मांजरीला सायीचं पातेलं,
आणि निझामपुऱ्यात मी.
आमटीत गूळ जरा जास्तच,
चाळीस वर्षं गुजरातेत काढल्याचा.
पैसे विचारले की म्हणतात, देशील गं.
हात थांबत नाही,
हाताला कोणी सांगितलंच नाही.

वहीत एक रकाना आहे: दोष.
तिथे मी काल लिहिलं, थांबत नाही.
मग बराच वेळ पेन टेबलावर ठेवून
ताटली उजेडाकडे धरून बसले.

आणि संध्याकाळी काकूंचा फोन.
मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय,
डॉक्टर म्हणतो धुरापासून लांब राहा,
सून म्हणते पुरे झालं आता, बंद करा सगळं.
तू शिकलेली आहेस, तू सांग.
करू का बंद?

फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली. दुसरीही झाली.
माझ्या ओट्यावर बाटल्याच्या जागी
वर्तमानपत्रांची रद्दी.

मी म्हणाले, आमटीत गूळ थोडा कमी घाला.

आज डबा आला.
गूळ तेवढाच.